अग्निशमनाचा अभ्यासक्रम दुरुस्त करताना: पावणेतीन वर्षांची नोंद

मे २०२५ मध्ये आमच्या कॉलेजच्या सुधारलेल्या अग्निशमन अभ्यासक्रमाचं पहिलं वसंत सत्र पार पडलं. हे काम माझ्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये आलं होतं. तेव्हा मी रात्र रात्र शोधाशोध केली. नियमावल्या ढिगाने सापडल्या, पण हे काम कुठे अडतं, किती दिवस लागतात, कुणाला आधी भेटायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. इथल्या कॉलेजांत शिकवणारे काही मराठी लोक माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यातल्या दोघांवर अशीच जबाबदारी येऊ घातली आहे. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी रसायनशास्त्र शिकवते, कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या कम्युनिटी कॉलेजात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. प्रवेश सगळ्यांना खुला, राज्यातल्या रहिवाशांना फी एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, आणि साठ युनिटं झाली की असोसिएट पदवी. आपल्याकडे बहुतेक जण आधी दलात भरती होतात आणि मग दल त्यांना शिकवतं. इथे बरीच मुलं नोकरी लागण्याआधीच स्वतःच्या पैशाने शिकतात: प्रथमोपचाराचा परवाना, अकादमी, शारीरिक चाचणी आणि जमलं तर ही पदवी. म्हणून या अभ्यासक्रमात मुलगा अडकला की त्याची एक-दोन वर्षं हातची जातात.

जून २०२२ मध्ये अग्निशमनाचे एकमेव पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाले. उरले ते सगळे अर्धवेळ, म्हणजे दिवसा स्टेशनवर कॅप्टन आणि संध्याकाळी शिक्षक. अभ्यासक्रमाचा नियतकालिक आढावा नेमका त्याच वर्षी देय होता. डीननी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तीन वर्षं अभ्यासक्रम समितीवर होतात, कागदपत्रं तुम्हाला कळतात. आगीतलं कळणारी माणसं आपल्याकडे आहेत." मी दोन दिवस मागून घेतले.

माझे मामा मुंबई अग्निशमन दलातून निवृत्त झाले. लहानपणी ते मला एका १४ एप्रिलला भायखळ्याच्या मुख्यालयात घेऊन गेले होते. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. मामा टोपी काढून उभे होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो हात थरथरत होता एवढं मला आठवतं. डीननी बोलावलं त्या रात्री मामांना डोंबिवलीला फोन केला. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पुस्तकं मागाहून वाच गं. आधी त्यांच्या ड्युटीचा तक्ता मागून घे." मी हो म्हटलं, पण केलं उलटंच. आधी पुस्तकं वाचली.

सप्टेंबर २०२२ त्यातच गेला. इथे राष्ट्रीय पातळीवर फेशी नावाचा एक नमुना अभ्यासक्रम आहे. मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गच्या नॅशनल फायर अकादमीच्या पुढाकाराने तो तयार झाला. दोन वर्षांच्या पदवीसाठी त्यात सहा गाभ्याचे विषय आहेत: आपत्कालीन सेवेची तत्त्वं, आगीचं वर्तन आणि ज्वलन, इमारतींची रचना, आग-प्रतिबंध, अग्निसुरक्षा यंत्रणा, आणि सुरक्षितता व बचाव. आमच्या यादीत पहिले पाच होते, सहावा नव्हता. मला वाटलं, एक विषय घातला की काम झालं. डीनना तसं सांगूनही टाकलं, आणि डिसेंबरपर्यंत प्रस्ताव देईन असं कबूल केलं. ते मी करायला नको होतं.

ऑक्टोबरात एका स्टेशनवर गेले आणि तक्ता मागितला. कॅप्टनने फ्रिजवर चुंबकाने लावलेलं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. लाल, निळा, हिरवा असे तीन रंग, तीन पाळ्या. सलग दोन दिवस म्हणजे ४८ तास ड्युटी, मग चार दिवस सुट्टी. मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि आमच्या मंगळवार-गुरुवारच्या वर्गांवर पेन्सिलने खुणा करू लागले. तिसऱ्याच ओळीला लक्षात आलं की त्यांचं चक्र सहा दिवसांचं आहे आणि आपला आठवडा सात दिवसांचा. कुठलाही वार धरा, नोकरीतल्या माणसाचा तीनातला एक वर्ग चुकणारच. सोळा आठवड्यांत पाच-सहा मंगळवार. आणि आमच्या नियमाप्रमाणे चार गैरहजेऱ्यांनंतर नाव काढलं जायचं.

कॅप्टन शांतपणे म्हणाला, "मी स्वतः दोनदा नाव घातलं होतं तुमच्याकडे. दोन्ही वेळा सहाव्या आठवड्यात सोडलं."

त्याहून मोठी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली. आमचे बरेच विद्यार्थी वणव्याच्या हंगामी तुकड्यांत काम करतात. कॅलिफोर्नियात वणव्यांचा जोर उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात असतो. २०१८ चा कॅम्प फायर, ज्यात ८५ माणसं गेली, तो नोव्हेंबरातला. आणि 'आगीचं वर्तन आणि ज्वलन' हा आमचा पहिला विषय, ज्याच्या पूर्वअटीवर पुढचे तीन विषय टांगलेले, तो आम्ही फक्त ऑगस्टच्या सत्रात देत होतो. म्हणजे ज्यांना तो सर्वांत जास्त हवा ते त्या वेळी डोंगरावर. एक वर्ष चुकलं की आख्खी साखळी वर्षभर पुढे ढकलली जायची.

घरी येऊन जुन्या पटांवरून बोट फिरवलं. २०१९ च्या त्या वर्गात ३४ जण होते. पुढच्या तीन वर्षांत त्यांतल्या ५ जणांनी पदवी घेतली. बाकीचे नापास झालेले नव्हते. ते दिसेनासे झाले होते. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण अभ्यासक्रम समितीवर असताना त्या पूर्वअटीला हात वर करून मीच मंजुरी दिली होती.

तेव्हा पहिलं सांगणं हे: विषयांच्या मजकुराला हात लावण्याआधी वेळापत्रक आणि पूर्वअटी एका मोठ्या कागदावर मांडा, आणि शेजारी विद्यार्थ्यांच्या ड्युटीचा तक्ता ठेवा. नंतर नोंदणी कार्यालयाकडून मागच्या पाच वर्षांचे पट मागवा. आमच्याकडे ते मिळायला तीन आठवडे लागले.

१७ नोव्हेंबर २०२२ ला सल्लागार समितीची बैठक घेतली. इथे व्यावसायिक अभ्यासक्रमांना अशी समिती लागतेच. आसपासच्या दलांचे अधिकारी, रुग्णवाहिका सेवेतल्या एक बाई, दोन माजी विद्यार्थी, एक विमा क्षेत्रातला माणूस, असे अकरा जण आले. मला वाटलं होतं की नवी यंत्रं मागतील. पण पहिला अर्धा तास सगळे एकाच गोष्टीवर बोलले: नव्या मुलांना अहवाल लिहिता येत नाही. आग विझल्यावर घरमालक, विमा, तपास, कोर्ट, सगळे त्या अहवालावर अवलंबून असतात, आणि त्यात "आम्ही गेलो, विझवली" एवढंच लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट होती कर्करोग. २०२२ च्या उन्हाळ्यातच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशामकाचं काम माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं होतं. एका बटालियन चीफने, म्हणजे काही स्टेशनांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने, आपल्या दोन सहकाऱ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग त्या रुग्णवाहिका सेवेतल्या बाईंनी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

त्या बैठकीचं इतिवृत्त एका विद्यार्थी मदतनीसाने लिहिलं. छान दोन पानं. मी वरवर वाचून फाइलला लावलं. ते पुढे आम्हाला फार महागात पडलं.

डिसेंबरात सामानाची मोजदाद केली. कॉलेजच्या मागच्या आवारात एक मालवाहू कंटेनर आहे, त्यात सरावाचे कोट-पँट टांगलेले. इथे त्याला टर्नआउट म्हणतात. आत दिवा नव्हता. मी आणि एक अर्धवेळ शिक्षक फोनच्या उजेडात एकेका कोटाचं अस्तर उलटं करून आतली चिठ्ठी वाचत होतो. तिच्यावर बनवल्याची तारीख असते, आणि एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तेव्हाच्या १८५१ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे त्या तारखेपासून दहा वर्षांनी तो पोशाख कितीही चांगला दिसला तरी बाद. २००८, २००९, २०११, २००९. काही चिठ्ठ्या इतक्या काळवंडल्या होत्या की बोटाला थुंकी लावून पुसावं लागत होतं. मग त्या शिक्षकाने माझा हात धरून थांबवलं. म्हणाला, "ती काजळी तोंडाजवळ नको." २६ पैकी १७ बाद निघाले. नवा जोड तेव्हा साधारण तीन ते साडेतीन हजार डॉलरला होता. श्वसनसंचाच्या सिलिंडरांचीही तीच कथा: दर पाच वर्षांनी दाबचाचणी, आणि कार्बन-फायबरच्या सिलिंडरचं आयुष्य पंधरा वर्षं.

त्याच दिवशी आवारात एक मुलगा सराव संपवून घरी निघालेला दिसला. त्याने तो काळा पडलेला कोट गाडीच्या मागच्या सीटवर टाकला. शेजारी लहान बाळाची खुर्ची बांधलेली होती. जुन्या लोकांत काजळलेला कोट अभिमानाचा मानला जायचा, आम्हीही मुलांना दुसरं काही शिकवलं नव्हतं. 'सुरक्षितता व बचाव' हा सहावा विषय मी तोवर यादीतली एक रिकामी जागा म्हणून पाहत होते. त्या दिवसानंतर तो माझ्यासाठी सगळ्यांत आधीचा विषय झाला.

जानेवारी ते मे २०२३ हा काळ आराखडे लिहिण्यात गेला. प्रत्येक विषयाचा अधिकृत आराखडा असतो: तास, युनिटं, उद्दिष्टं, मूल्यमापन, पुस्तकं. इथे एका युनिटमागे विद्यार्थ्याचं किमान ४८ तासांचं काम दाखवावं लागतं, आणि प्रात्यक्षिकाचे तास आणि व्याख्यानाचे तास वेगळ्या हिशेबाने धरतात. माझे दोन आराखडे नुसत्या बेरजेवरून परत आले. समितीत पहिलं वाचन आणि दुसरं वाचन यांत महिनाभर जातो, आणि काही भाग ऑनलाइन करायचा असेल तर त्याची वेगळी पुरवणी आणि वेगळं मतदान. ती पुरवणी आराखड्यासोबतच द्या. मागाहून देऊ म्हटलं की आणखी एक महिना गेला.

मजकुरात मला खरा आनंद 'आगीचं वर्तन' या विषयाने दिला, कारण तिथे माझं रसायनशास्त्र कामाला आलं. आमच्या स्लाइडी नव्वदच्या दशकातल्या होत्या. त्यात आग सावकाश वाढताना दाखवलेली. सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या यूएल या संस्थेने जुन्या आणि नव्या फर्निचरच्या सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या आहेत. कापूस-लाकडाच्या जुन्या खोलीत सगळं एकदम पेटण्याचा क्षण, ज्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, यायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. फोमच्या सोफ्याच्या खोलीत तो पाच मिनिटांच्या आत आला. त्या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. बंब पोचायच्या आतच खोली गेलेली असते, आणि दार उघडलं की हवा मिळून ती आणखी भडकते. मी आणि एका कॅप्टनने मिळून हे चार तासांत शिकवता येईल असं बसवलं. समीकरणं मी लिहिली, "म्हणजे दाराशी उभं राहून काय करायचं" हे त्याने लिहिलं. अहवाल लिहिणं आम्ही वेगळा विषय केला नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर एक पान अहवाल, आणि तो इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्याने तपासायचा, असं ठरवलं.

वेळापत्रकाचा तोडगा असा निघाला: पहिला विषय जानेवारीच्या सत्रात आणला, व्याख्यानं ऑनलाइन, आणि तेच प्रात्यक्षिक दर पंधरवड्याला तीन वेगळ्या दिवशी. कुठल्याही पाळीचा माणूस तिनांपैकी एकाला येऊ शकतो. याला शिक्षकांचे तास वाढतात. मला त्यासाठी कॉलेजच्या उपाध्यक्षांपुढे दोनदा बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा फ्रिजवरचं ते कॅलेंडर मी सोबत नेलं होतं. आकड्यांपेक्षा त्या तीन रंगांनी काम केलं.

पैशांसाठी पर्किन्स या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण निधीकडे अर्ज केला. त्यातल्या दोन अटी आधीच माहीत असू द्या: कॉलेज आधीपासून ज्यासाठी खर्च करत होतं त्याची जागा हा पैसा घेऊ शकत नाही, आणि विद्यार्थ्याच्या मालकीची होणारी वस्तू त्यातून घेता येत नाही. आम्ही टर्नआउट धुण्याचं खास मशीन आणि नऊ नवे जोड मागितले, मिळाले. एका शेजारच्या दलाने मुदतीतले आठ जोड दिले. मशीन सप्टेंबर २०२३ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत खोक्यात पडून राहिलं, कारण त्याला लागणारी वीज आणि सांडपाण्याची सोय त्या इमारतीत नव्हती. ते काम मशीनच्या जवळजवळ निम्म्या किमतीला पडलं. अर्ज करण्याआधी इमारत विभागातल्या माणसाला जागेवर घेऊन जा.

आणि आता ते इतिवृत्त. पदवीतला बदल राज्याकडे जाण्याआधी आमच्या भागातल्या कॉलेजांच्या सामायिक गटाची शिफारस लागते. जून २०२३ मध्ये आमचा प्रस्ताव तिथून परत आला. कारण एका ओळीचं: सल्लागार समितीने हा बदल मंजूर केल्याची नोंद नाही. मी फाइल उघडली. चर्चा होती, सूचना होत्या, चहापान होतं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, बाजूने किती, काही नव्हतं. प्रत्यक्षात सगळ्यांनी हात वर केले होते, मी पाहिले होते. पण कागदावर ते नव्हते, आणि गटाचं म्हणणं बरोबर होतं.

उन्हाळ्यात कुणी भेटेना, सगळे वणव्यांवर. समिती पुन्हा जमली ती २१ सप्टेंबरला. बैठक वीस मिनिटांची झाली. तो बटालियन चीफ रात्रपाळी संपवून सरळ आला होता. त्याने ठराव मांडला, हात वर केला, आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला. या वीस मिनिटांसाठी आमचं एक कॅटलॉग-वर्ष, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेचं वर्ष, गेलं. जानेवारी २०२४ मध्ये बसू शकली असती ती तुकडी जानेवारी २०२५ वर गेली. ज्या मुलांना मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांना एकेकाला फोन केले. दोघांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या कॉलेजात गेले. ते फोन मला आजही आठवतात. म्हणून इतिवृत्ताचा नमुना आधीच छापून ठेवा, ठराव, अनुमोदन आणि मतं यांच्या रिकाम्या जागांसकट, आणि बैठक उठण्याआधी तो वाचून दाखवा.

पुढचं सरळ झालं. नोव्हेंबरात गटाची शिफारस, डिसेंबरात विश्वस्त मंडळ, मार्च २०२४ मध्ये राज्याकडून मंजुरी. प्रत्यक्ष आगीच्या सरावाचा खर्च तेवढा नव्याने मांडावा लागला. १९८२ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे सरावातच दोन अग्निशामक गेले. त्यानंतर १९८६ मध्ये एनएफपीए १४०३ हे मानक आलं, आणि त्यात पाच शिकाऊंमागे किमान एक प्रशिक्षक लागतो. अठ्ठावीस मुलं म्हणजे सहा प्रशिक्षक. कुणीतरी सुचवलं की चारांत भागवा. त्यावर मी अजिबात ऐकलं नाही. मुलांची संख्या दोन दिवसांत विभागली, प्रशिक्षक कमी केले नाहीत.

वर्ग २७ जानेवारी २०२५ ला सुरू व्हायचा होता. सगळं वेळापत्रक आम्ही "जानेवारीत आगी नसतात" यावर उभं केलं होतं. ७ जानेवारीला लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन्ही वणवे एकाच दिवशी पेटले. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून होते आणि नोंदणीची यादी मांडीवर होती. अठ्ठावीसपैकी सहा जण तिकडे गेले.

११ तारखेला त्यांच्यातल्या एकाची ईमेल आली, तळावरून, फोनवर लिहिलेली. "२७ ला जमणार नाही. व्याख्यानं इथून बघेन. प्रात्यक्षिकाच्या तिसऱ्या गटाला आलो तर चालेल का?" तिसरा गट होता म्हणून मी लगेच हो लिहू शकले.

तो ९ फेब्रुवारीला आला, रविवारी सकाळी, वेळेच्या वीस मिनिटं आधी. हात सोललेले, आवाज बसलेला. खांद्यावर सामानाची पिशवी होती. वर्गात यायच्या आधी तो मशीनच्या खोलीपाशी थांबला, पिशवी दाराबाहेर जमिनीवर ठेवली आणि मला विचारलं, "हे आधी धुवायला लावू का?" मी दार उघडून दिलं. मशीनला ५५ मिनिटं लागली. प्रात्यक्षिक झाल्यावर त्याने त्याचा अहवाल लिहिला. दोन पानं झाली.